एका कोटातला तालुका

टक्. टक्. टक्. मग एक लांब खर्र... आणि पुन्हा टक्.

सागाच्या वाळल्या खोडावर सुतार पक्षी चोच मारतो ना, तसा आवाज. पण पक्ष्याला निदान किडा तरी सापडतो. हा आवाज एका कम्प्युटरच्या हार्ड डिस्कचा होता, आणि तिला काहीच सापडत नव्हतं. बरीच वर्षं झाली या गोष्टीला. अजून दुपारी जरा डोळा लागला, की ऐकू येतो.

अहेरीला बस स्टँडच्या मागं बंडूचं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मी तिथं कामाला होतो. त्याआधी रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचो. शाळा माझी चौथीपर्यंत. इंग्रजी येत नाही. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी आल्या, की मी अक्षरं वाचायचो नाही, ओळीचा आकार बघायचो. आखूड ओळ म्हणजे डिस्क सापडत नाही. लांब ओळ आणि खाली आणखी एक, म्हणजे कोणीतरी फ्लॉपी आत विसरला. बंडू नागपूरला कोर्स करून आला होता. तो वाचायचा, मी ऐकायचो. असं आमचं चालायचं.

दुकान बंद झालं तेव्हा भंगारवाला सगळं घेऊन गेला. मॉनिटर नेले, कॅबिनेट नेले, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी नेल्या. किस्से तेवढे ठेवून गेला! आता चार लोक बसले की मी एक ओढतो, त्याच्यामागून दुसरा येतो, वायरींचा गुंता असतो तसा. लोक हसतात. पूर्वी मलाही हसू यायचं.

* * *

आमच्या दुकानासमोर विलासचा फोटो स्टुडिओ होता. त्याच्या स्टुडिओत खिळ्यावर एक काळा कोट टांगलेला असायचा. ज्याला अर्जासाठी फोटो काढायचा, त्यानं तो कोट चढवायचा, फोटो काढायचा, कोट परत खिळ्यावर. सगळ्या तालुक्याचा घाम पिऊन तो कोट इतका कडक झाला होता, की खिळा काढला असता तरी उभा राहिला असता!

मग विलासनं डिजिटल कॅमेरा आणि कम्प्युटर घेतला. त्याच सुमारास एक बँकेचे मॅनेजर स्वतःचा कोट घालून फोटो काढायला आले. इस्त्रीचा कोट, टाय, खिशाला लाल पेन. विलासला तो कोट फार आवडला. त्यानं कम्प्युटरमध्ये साहेबांचं तोंड कापून टाकलं आणि कोट तेवढा ठेवून घेतला. साहेबांची पुढं बदली झाली. कोट अहेरीतच राहिला.

तेव्हापासून जो येईल त्याचं तोंड त्या कोटावर. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, तेंदूपत्त्याचा मुनशी, नवरदेव, पोलीस भरतीची पोरं. लुंगीवर आत गेलेला माणूस बाहेर पडताना मॅनेजर!

एकदा कुठल्याशा भरतीसाठी बाहेरचे एक साहेब आले होते. अर्ज चाळता चाळता थांबले आणि कारकुनाला म्हणाले, "काय हो, इथल्या सगळ्या मुलांच्या खिशाला एकच लाल पेन कसं?"

कारकून म्हणाला, "साहेब, इकडं शिक्षण लय हाये जी!"

साहेबांनी मान वर केली. कारकुनाच्या गळ्यात ओळखपत्र लटकत होतं. त्यातल्या फोटोतही लाल पेन!

* * *

दसऱ्याला आम्ही हत्यारांची पूजा करतो. सुताराचा रंधा, ड्रायव्हरची गाडी, माझा पेचकस. विलासनं त्या वर्षी कम्प्युटरची पूजा मांडली. नवीनच होता ना. वर झेंडूचा हार, कॅबिनेटला हळदीकुंकू, कीबोर्डवर अक्षता. त्यातला एक तांदूळ शेवटपर्यंत स्पेसबारखाली अडकून होता.

बंडू म्हणाला, "विलास, मशीन बंद करून पूजा कर गा."

विलास म्हणाला, "बंद मशीनची पूजा करतेत का कोणी? ड्रायव्हर लोकं गाडी चालू करूनच पूजा करतेत!"

आणि त्यानं चालू कम्प्युटरच्या कॅबिनेटवर नारळ फोडला.

नारळ एका फटक्यात फुटला. डिस्कसुद्धा!

स्क्रीन निळी झाली, मग काळी झाली. विलासनं बटण दाबून परत सुरू केला, तर आतून आवाज आला. टक्. टक्. टक्. खर्र. त्यानं जुन्या रेडिओला मारतात तशा दोन थापडा मारल्या. मग प्रसाद वाटला, आणि मग डिस्क घेऊन आमच्याकडे आला.

बंडूनं नागपूरला त्याच्या गुरूला फोन लावला. फोनचं तोंड डिस्कजवळ धरलं, तिकडून त्यानं आवाज ऐकला आणि म्हणाला, "फेकून द्या."

विलासनं फेकली नाही, पण नवीन डिस्क बसवून घेतली. मॅनेजरचा कोट एका फ्लॉपीवर वेगळा ठेवलेला होता, त्यामुळं धंदा दुसऱ्या दिवशी सुरू. जुनी डिस्क आमच्या फळीवर पडून राहिली.

* * *

दिवाळी झाल्यावर, बाजाराच्या दिवशी, विलास परत आला. त्याच्यामागं एक बाई होती. डोक्यावर मासोळीची टोपली, टोपलीवर ओलं फडकं. विलासनं सांगितलं, ह्या कौसाबाई. नदीकाठच्या गावच्या, मासे धरणाऱ्या ढिवराच्या.

कौसाबाईनं टोपली पायरीवर ठेवली आणि मलाच विचारलं. दुकानात मीच म्हातारा होतो म्हणून असेल.

"भाऊ, माह्या गुरुदासचा फोटो इथी हाये म्हणते हा."

गुरुदास तिचा एकुलता पोरगा. पावसाळ्यात प्राणहितेला पूर होता. जाळं काढायला म्हणून डोंगा घेऊन गेला. डोंगा नदीच्या खालच्या अंगाला सापडला, झुडपात अडकलेला. गुरुदास सापडला नाही.

उन्हाळ्यात त्यानं भरतीचा अर्ज भरला होता. त्यासाठी विलासकडे फोटो काढला. त्याचा काढलेला तेवढा एकच फोटो. एक प्रत अर्जाला लागली, तो अर्ज कुठल्या कुठं गेला. बाकीच्या प्रती त्याच्या खिशात होत्या. खिसा त्याच्यासोबत गेला.

"मले दाखवला बी नाई," कौसाबाई म्हणाली. "म्हणे, नौकरी लागल्यावर दाखवतो. फोटोसाठी म्हणून मीच बजारातून सदरा घेतला होता. निळा, रेघारेघाचा. लय खुलून दिसे त्याले."

विलास बाहेर रस्त्याकडे बघत होता.

मग ती जरा हळू आवाजात म्हणाली, "तोंड इसरून राह्यली भाऊ मी त्याचं. आवाज आठवते, चाल आठवते. तोंड सुटून राह्यलं डोक्यातून. मायनं असं इसरावं का?"

मी फळीवरून डिस्क काढली. धूळ पुसली. तिला दाखवली.

"याच्यात हाये?"

"याच्यातच हाये बाई."

तिनं ती हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली. "किती जड हाये गा," म्हणाली.

* * *

तेव्हापासून दर बाजाराला कौसाबाई यायची. मासोळी विकून झाली की आमच्या पायरीवर बसायची. "निघाला का?" म्हणायची. बंडू म्हणायचा, "करून राह्यलो बाई." तो खरंच करत होता. वेगळी वायर लावून बघायचा, डिस्क आडवी ठेवायचा, उभी ठेवायचा, उलटी टांगायचा. मी कान लावून बसायचो. टक्. टक्.

अशाच एका बाजारच्या दिवशी आतल्या भागातल्या एका कचेरीची जीप दारात येऊन थांबली. मागच्या सीटवर कम्प्युटर होता. खाली गादी, वरून ब्लँकेट, भोवती दोरी. लहान लेकराला इतकं जपून कोणी आणत नाही. ड्रायव्हर म्हणाला, "साहेबाचं अर्जंट हाये. चालू होऊन नाई राह्यला. आजच्या आज परत न्यायचा हाये."

आम्ही दोघांनी तो उचलून आत आणला. लावला. काळ्या स्क्रीनवर लांब ओळ आणि खाली आणखी एक. बंडूनं पुढं बोट घातलं आणि आत राहिलेली फ्लॉपी बाहेर काढली. एक बटण दाबलं. कम्प्युटर सुरू!

ड्रायव्हर बघतच राहिला. "झालं? एवढंच?"

"एवढंच."

चहा आला. ड्रायव्हर पायरीवर, कौसाबाईच्या बाजूला बसला. बशीत ओतलेला चहा तसाच हातात धरून म्हणाला, "येताना रस्त्यात एका माणसानं हात दाखवला होता. बैलबंडीत त्याची बायको होती. दिवस भरले होते तिचे. दवाखान्यापर्यंत सोडा म्हणे. म्या म्हटलं, जागा नाई बापू. मागं कम्प्युटर निजला हाये."



कौसाबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मंग कम्प्युटर बरा झाला ना?"

* * *

हसण्यासारखाही एक सांगतो.

एका गावच्या ग्रामपंचायतीचा कम्प्युटर आला होता. बटण दाबलं की जळका वास यायचा. बंडूनं खोलला, तर पॉवर सप्लायमध्ये पाल. ऊब शोधत आत गेली असावी. दोन तारांच्या मधोमध चिकटून पापडासारखी झाली होती. आम्ही ती काढली, नवीन सप्लाय लावला, मशीन सुरू.

पण त्या गावात मात्र ती पाल जिवंतच राहिली! कोणी घरकुलाच्या यादीत नाव विचारायला गेलं, की उत्तर ठरलेलं: "पाल घुसली होती, सगळं जळलं." कोणाचा निराधारचा कागद, कोणाचा दाखला. सगळं पालीनं खाल्लं.

हे उत्तर आजूबाजूच्या गावांनाही आवडलं. कौसाबाई गुरुदासचा अर्ज शोधायला ज्या कचेरीत गेली होती, तिथंही तिला सांगितलं, "कम्प्युटर बिघडला, नंतर या." ती नंतर गेली. परत नंतर गेली.

मग एक दिवस एक म्हातारा काठी टेकत आमच्या दुकानात आला आणि बंडूवर चिडला. "काऊन गा, आमच्या गावच्या कचेरीचा कम्प्युटर कवा दुरुस्त करता? साल झालं, चकरा मारून राह्यलो मी!"

बंडूनं गावाचं नाव विचारलं. म्हाताऱ्यानं सांगितलं. बंडू म्हणाला, "बाबाजी, त्या कचेरीत कम्प्युटरच नाई! आलाच नाई अजून."

म्हाताऱ्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "मंग बिघडला कसा?"

* * *

बंडूचं म्हणणं असं होतं, की डिस्कच्या खालच्या अंगाला जी हिरवी पट्टी असते, ती बदलून बघावी. त्यासाठी अगदी तशीच दुसरी डिस्क लागते. आणि तशी डिस्क कुठं आहे ते त्याला ठाऊक होतं. रानातल्या एका आश्रमशाळेला कम्प्युटर आला होता, तोच माल, तीच जात.

आम्ही दोघं बसनं गेलो. मुख्याध्यापक भला माणूस. चहा पाजला, कौसाबाईची गोष्ट ऐकली, डोळ्यात पाणीही आलं त्याच्या. पण म्हणाला, "पेटी उघडता येत नाई बंडूभाऊ. उद्घाटन व्हायचं हाये."

"कवा हाये उद्घाटन?"

"पाहुण्यांची तारीख मिळाली की."

पेटी एका खोलीत मातीच्या भिंतीला लागून ठेवली होती. वर शाल पांघरलेली. पोरं येता जाता तिला नमस्कार करायची.

पाहुण्यांची तारीख तीनदा पुढं गेली. कौसाबाई दर बाजाराला विचारायची, "आले का तुमचे पाहुणे?" जशी काही आमच्या घरची सोयरीक अडली होती.

शेवटी पाहुणे आले. आम्हीही गेलो. विलासला फोटो काढायला बोलावलं होतं. हार झाले, भाषण झालं. पाहुणे म्हणाले, आता या जंगलातलं लेकरू जगाशी जोडलं गेलं. पेटी टेबलावर ठेवून फीत कापली. झाकण काढलं, तर आत थर्मोकोलच्या जागी माती! भिंतीतून वाळवी शिरली होती. मुख्याध्यापकानं घाईघाईनं रुमालानं माती झटकली, मॉनिटर पुसला आणि पाहुण्यांचं बोट बटणावर नेलं.

पाहुण्यांनी बटण दाबलं. स्क्रीन काळीच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विलासनं फ्लॅश मारला.

पाहुणे गेल्यावर बंडूनं वाकून पाहिलं. कम्प्युटरची वायर टेबलामागं गुंडाळून ठेवलेली होती.

"सर, हे तं लावलीच नाई?"

मुख्याध्यापक म्हणाला, "कुठी लावू? शाळेत लाईनच नाई!"

हिरवी पट्टी त्यांनी आता दिली, पेटी उघडलीच होती म्हणून. ओल्या मातीनं तिच्यावरचे झाळलेले टाके गंजून हिरवे पडले होते. बोट लावलं की भुगा व्हायचा. बंडूनं ती खिशात ठेवली.

* * *

उन्हाळा लागला. नागपूरच्या गुरूनं फोनवर बंडूला आणखी एक उपाय सांगितला. मरायला टेकलेली डिस्क बर्फात ठेवली, की आतलं लोखंड आकसतं आणि ती थोडा वेळ चालते. नेहमी चालतेच असं नाही, पण चालली तर तेवढ्यात काढायचं ते काढून घ्यायचं.

अहेरीत बर्फ म्हणजे कुल्फीवाला रफिकभाई. आम्ही डिस्क प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये गुंडाळून त्याच्या पेटीत, कुल्फ्यांच्या मधोमध ठेवली. पोट्टे झाकण उघडलं की विचारायचे, "रफिकभाई, हे कोनती कांडी?"

रफिकभाई म्हणायचा, "ये सरकारी कांडी है बेटा. दिखती सबको है, मिलती किसी को नहीं!"

दुपारी कौसाबाई आली. पायरीवर बसली. बंडूनं डिस्क आणली, आमच्या मशीनला दुसरी डिस्क म्हणून जोडली आणि बटण दाबलं. मी कान लावला. टक्... टक्... आणि मग तो आवाज थांबला! आत काहीतरी भरभर फिरायला लागलं, चांगल्या डिस्कचं असतं तसं, माशीच्या गुणगुणीसारखं. मी बंडूचा हात धरला.

स्क्रीनवर नावं उतरायला लागली. विलास प्रत्येक फोटोला त्या त्या माणसाचं नाव द्यायचा. बंडू बोट लावून वाचत होता. दामोदर, ईश्वर, एक नवरदेव, दुसरा नवरदेव. आणि एकदम खुर्चीतून उठून ओरडला, "गुरुदास! काका, गुरुदास दिसला!"

पायरीवरून कौसाबाई ताडकन उठली. "कुठी?" म्हणाली.

आणि ती रस्त्याकडे बघत होती. बाजाराच्या गर्दीकडे, टाचा उंच करून.

तेवढ्यात लाईट गेली.

तेव्हाचं लोडशेडिंग. लाईट परत आली तेव्हा बाजार उठला होता. रफिकभाईच्या पेटीत कुल्फ्यांचं दूध झालं होतं, आणि डिस्क परत टक् टक् करत होती.

* * *

पुढच्या बाजाराला कौसाबाईच्या डोक्यावर मासोळीची टोपली नव्हती. पोतं होतं. त्यातून पाणी गळत होतं आणि तिचा अर्धा पदर भिजला होता. पोतं तिनं आमच्या टेबलाजवळ ठेवलं आणि तोंड सोडलं. आत धानाचा कोंडा, आणि कोंड्यात बर्फाची लादी.

"मासोळीचा ठेकेदार आणते गाडीत," ती म्हणाली. "मागून आणला. कोंड्यात पाझरत नाई लवकर."

बंडू म्हणाला, "बाई, कुठून वाहून आणला एवढा!"

तिनं डिस्ककडे पाहिलं. "आमी मासोळी मेल्यावर बर्फात ठेवतो बापू. हे जित्ती हाये ना?"

बंडूनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हाये बाई. अजून हाये."

या वेळी आम्ही लाईट नुकतीच आलेली असताना बसलो, म्हणजे एवढ्यात जाणार नाही. विलासही दुकान बंद करून आला. बंडूनं लादी फोडून परातीत भरली, डिस्क पिशवीत घालून बर्फात ठेवली, वायरी तेवढ्या बाहेर. बराच वेळ गार होऊ दिली. मग बटण दाबलं.

टक्. टक्. खर्र. टक्.

आणि फिरायला लागली.

बंडूनं आधी वरचाच एक फोटो काढून पाहिला, कसं निघतं ते बघायला. कुठलासा नवरदेव होता. स्क्रीनवर तो खालून वर भरत आला. आधी कोटाची बटणं, मग लाल पेन, मग टाय, मग मान, हनुवटी, मिशा, डोळे. पुरा निघाला! विलास टाळी वाजवणार होता, मी हातानंच थांबवलं.

"या जातीचा फोटो उलटा भरते काका," बंडू हळूच म्हणाला. "अंगोदर छाती, तोंड आखरीले. मधीच नाई तुटलं पाहिजे."

"मंग दुसरे कायले पाहून राह्यला? गुरुदास काढ."

त्यानं गुरुदास काढला.

कौसाबाई उठून टेबलाजवळ आली. तिला मी माझ्या स्टुलावर बसवलं, स्क्रीनच्या अगदी समोर. तिनं पदरानं आधी स्वतःचं तोंड पुसलं, भेटायला जाताना पुसतात तसं.

स्क्रीनच्या तळाशी एक काळी पट्टी उमटली. कोटाची बटणं आली. हळूहळू, एकेक ओळ. मग खिसा आला. खिशाला लाल पेन. मग टाय, खालपासून गाठीपर्यंत. गाठीच्या वर गळ्याची थोडीशी कातडी, सावळी. गळ्याचा काळा दोरा, त्याची एक कड.

टक्.

बंडूनं परात हातानं दाबून धरली, जशी काही ती पळून जाणार होती. मी कान टेकवला, बर्फावरच. आत एकदा खर्र झालं. मग टक्. मग काहीच नाही. सुतार पक्षी उडून जातो आणि रान तसंच राहतं, तसं.

स्क्रीनवर खाली मॅनेजरचा कोट होता, लख्ख. बटणं, पेन, टाय. वर सगळं काळं.

कौसाबाई बघत राहिली. तिचं बोट खिशावर गेलं, त्या पेनावर थांबलं. मग परत बटणांवर आलं, एकेक बटण बघत खाली गेलं, निळ्या रेघा शोधल्यासारखं.

विलास म्हणाला, "बाई, तो कोट..." आणि थांबला.

तिनं पदर घेतला. स्क्रीनचा वरचा काळा भाग पुसला. कंदिलाच्या काचेवरची काजळी पुसतात तसा, हळूच. मग पदर बघितला. पदर स्वच्छ होता. तिनं आणखी एकदा पुसलं, जरा जोर लावून, कोपऱ्यापर्यंत.

मग स्टुलावरून उठली. रिकामं पोतं झटकलं, कोंडा दारापाशी पडला. पोत्याची घडी करून काखेत धरली, पायरी उतरली आणि बाजाराच्या गर्दीतून, कोणाकडे न बघता निघून गेली.